सभामंडपातील सत्र आणि निधीची पेटी

महिन्यांमध्ये मार्गशीर्ष ही आपली विभूती होय, असे भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात अर्जुनास सांगितले आहे. मार्गशीर्षाच्या या थोरवीची कारणे टीकाकारांनी आपापल्या परीने दिली आहेत. पण आमच्या खेड्यातील शेतकऱ्यास विचारले, तर भाष्य न वाचताही तो कारण सांगेल. पाऊस सरलेला असतो, खरिपाचे धान्य घरात आलेले असते, रब्बीची ज्वारी रानात डुलू लागलेली असते. रात्र लांबते, हवा कोरडी होते आणि वर्षभराच्या धावपळीत प्रथमच माणसाला चार घटका स्वस्थ बसावेसे वाटते. याच शुद्ध पक्षात चंपाषष्ठी येते, मोक्षदा एकादशीस गीताजयंती येते आणि पौर्णिमेस श्रीदत्तजयंती. दत्तस्थानांतून गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. सकाळी पारायण, दुपारी महिलांचे भजन आणि रात्री कीर्तन किंवा व्याख्यान, असा क्रम गावोगाव चालू होतो.

या दिवसांत कीर्तनकाराच्या घरी हस्तपत्रकांची रास पडते. अलीकडे ती पत्रके भ्रमणध्वनीवरही येतात. त्यांतील बऱ्याच पत्रकांवर एक ओळ सारखीच असते : अमुक देवालयाच्या सभामंडपाच्या जीर्णोद्धारार्थ भव्य ज्ञानसत्र. कोठे मंडपाऐवजी वाचनालयाची खोली असते, कोठे शाळेची भिंत, तर कोठे वारकऱ्यांसाठी पाण्याची टाकी. बाहेरगावचे वक्ते पाचारण करावेत, तीन किंवा पाच रात्री गावास चांगले विचार ऐकवावेत आणि त्या निमित्ताने निधी जमवावा, अशी ही योजना. योजना उत्तम आहे. मात्र पत्रक छापणाऱ्यांनी ‘सत्र’ हा शब्द घातला तो सहज, कानाला बरा वाटतो म्हणून. त्या शब्दाने आपल्यावर केवढे बंधन घातले आहे याची कल्पना त्यांस नसावी.

श्रौतशास्त्रात सत्र हा यज्ञाचा एक विशिष्ट प्रकार आहे. इतर यज्ञांत एक यजमान असतो. तो द्रव्य खर्च करतो, ऋत्विजांना वरण देतो आणि कर्म संपल्यावर दक्षिणा देऊन त्यांची पाठवणी करतो. सत्राची रीत निराळी. अनेक दिवस चालणाऱ्या या यागात जे ऋत्विज, तेच यजमान. वेगळा धनी कोणी नाही आणि म्हणून सत्रात दक्षिणाही नाही. स्वतःच स्वतःला दक्षिणा कशी द्यावी? सोयीसाठी एकास गृहपती म्हणतात इतकेच. फळाच्या बाबतीत तर मीमांसकांचा निर्णय फार सुंदर आहे. सत्राचे फळ भाग पाडून थोडेथोडे मिळत नाही. बसलेल्या प्रत्येकास ते संपूर्ण मिळते.

नैमिषारण्यात शौनकादी ऋषींनी मांडले होते ते असेच सत्र. महाभारत त्याला बारा वर्षांचे म्हणते, भागवत सहस्र वर्षांचे. त्या सत्रात कर्माच्या मधल्या वेळी एक पाहुणा आला : सूतपुत्र उग्रश्रवा. आपल्या परंपरेतील पाहुण्या वक्त्याचे आणि त्याच्या यजमानांचे इतके नेमके चित्र दुसरीकडे क्वचितच आढळेल. पाहुणा येताच सारे ऋषी कथा ऐकण्याच्या इच्छेने त्याच्याभोवती जमले. त्याने हात जोडून त्यांच्या तपाचे कुशल विचारले. ऋषी बसले, मग दाखविलेल्या आसनावर तो बसला. त्याचा प्रवासाचा शीण गेला आहे असे पाहिल्यावरच एकाने प्रश्न केला की आपण कोठून आलात आणि इतका काळ कोठे होतात. त्यानेही जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनांच्या मुखातून काय ऐकले आणि वाटेत समंतपंचकाचे दर्शन कसे घेतले, हे प्रथम सांगितले. म्हणजे वक्त्याने आपल्या ज्ञानाचा उगम श्रोत्यांपुढे उघडा केला आणि मगच कथेस हात घातला. आणखी एक गोष्ट येथे दृष्टीआड होऊ नये. सूताचे कुळ त्या काळच्या समजुतीने ऋषींच्या कुळाहून उणे होते. तरीही ऋषी श्रोते झाले आणि आसन सूताला मिळाले.

ज्या गावाने आपल्या कार्यक्रमास सत्र म्हटले, त्याने या चित्राशी स्वतःला ताडून पाहावे. तेथे धनी कोणी नाही, सारे यजमान आहेत. मग पहिल्या रांगेत मोठ्या देणगीदारांसाठी गुबगुबीत आसने आणि मागे सतरंजीवर उरलेला गाव, ही मांडणी कशी बसावी? आणि प्रवेशपत्रिका विकण्याचा विचार तर दूरच ठेवावा. शहरातील नाट्यगृहात तिकीट लावणे योग्यच आहे. तेथे भाडे आहे, नटांचा चरितार्थ आहे. पण गावच्या देवाच्या मंडपात, जेथे भूमिहीन मजूरही रोज पायरीला हात लावून कपाळाला नेतो, तेथे दाराशी पैसे मागितले की त्या रात्रीपुरता तो मंडप त्याचा राहत नाही. निधीचे चार रुपये जास्त येतील. पण ज्यासाठी निधी, तो मंडप कोणाचा, हा प्रश्न मागे उरेल.

येथे एक जुना आणि अवघड आक्षेप आहे, आणि तो खुद्द तुकोबांचा आहे. कीर्तन जेथे करावे तेथे अन्नसुद्धा घेऊ नये, कपाळी बुक्का लावू नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, आपल्या बैलाघोड्यासाठी दाणावैरणही मागू नये, अशी ताकीद त्यांनी एका अभंगात दिली आहे. शेवटी तर हरिकथेवर द्रव्य घेणारा आणि देणारा अशा दोघांनाही त्यांनी एकाच अधोगतीचे भागीदार ठरविले आहे. मग कीर्तनाच्या रात्री निधीची पेटी ठेवावी की नाही?

आम्ही नारदीय गादीवरचे. पूर्वरंग, मध्यंतराचा बुक्का आणि हार, मग उत्तररंगाचे आख्यान, शेवटी आरती, या क्रमाने उभे राहणाऱ्या आमच्या परंपरेत बिदागी ही उपजीविका आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. संस्थानांनी, देवस्थानांनी आणि गावांनी कीर्तनकाराला पिढ्यान्पिढ्या जगविले, म्हणूनच ही विद्या टिकली. वारकरी परंपरेचा दंडक याहून कठोर आहे आणि तो मी हात जोडून मान्य करतो. पण आजची स्थिती अशी, की ज्यांनी तो दंडक पाळायचा त्यांच्यापैकीही काहींचे आकडे ऐकून गावकऱ्यांची छाती दडपते. आगाऊ रक्कम, वाहनाचा खर्च, साथीदारांचा वेगळा हिशेब, ध्वनिक्षेपकाची अट. अशा एका रात्रीचा खर्च भागविण्यासाठी गाव वर्गणी फिरविते आणि ज्या मंडपासाठी कार्यक्रम ठरला त्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. तुकोबांचा आक्षेप या प्रकाराला लागतो, पुरेपूर लागतो.

तो लागत नाही असे उदाहरणही आपल्या महाराष्ट्रानेच पाहिले आहे. १८७६ साली जन्मलेले आणि १९५६ च्या डिसेंबरात देह ठेवणारे गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तनास उभे राहत. अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि जवळ एक गाडगे. कोणी पाया पडू लागले तर ते आवडत नसे. त्यांच्या शब्दावर लोकांनी दिलेल्या द्रव्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांतली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. द्रव्य आले ते कीर्तनामुळेच, पण कीर्तनकाराकडे आले नाही. शब्दाची किंमत घेणे वेगळे आणि शब्दाने जागे झालेले दातृत्व योग्य ठिकाणी पोहोचविणे वेगळे. तुकोबांच्या ताकिदीचा मला उमगलेला अर्थ एवढाच आहे, आणि निधीच्या रात्री उभा राहणाऱ्या प्रत्येक वक्त्याने तो स्वतःस विचारून पाहावा.

व्याख्यानाद्वारे लोकांस जागे करणे आणि लोकवर्गणीतून काम उभारणे, हे दोन्ही प्रवाह आपल्याकडे जुने आहेत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली आणि ती शतकाहून अधिक काळ चालत आली. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने व्याख्यान आणि कीर्तन चौकात आणले. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना निघाला. महर्षी कर्व्यांनी तर वयाची सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ पासून पुढील तीन वर्षांत, युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे हिंडून स्त्रीशिक्षणावर व्याख्याने दिली आणि संस्थेसाठी निधी मिळविला; आणि १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढून पुन्हा लोकांपुढे हात पसरला. या सर्वांच्या मागण्यांत एक साम्य आहे. पैसा कशासाठी हवा, हे ऐकणाऱ्यास एका वाक्यात कळत असे.

गावच्या कार्यक्रमाची पहिली खूण हीच धरावी. ‘देवस्थानच्या सर्वांगीण विकासासाठी’ असे लिहिले की कोणाच्याही डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. ‘सभामंडपाच्या उत्तरेकडील तीन कमानींचे छत गळते, ते दुरुस्त करावयाचे आहे’ असे लिहावे. कामाचा अंदाज कोण्या जाणत्या पाथरवटाकडून किंवा स्थापत्याच्या माणसाकडून आधी काढून घ्यावा आणि तो मंडपातच लावावा. येथे थोडे विषयांतर करतो, कारण जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणारे काही प्रकार पाहून जीव कासावीस होतो. काळ्या पाषाणाच्या खांबांवर गुळगुळीत तैलरंग फासणे, कोरीव भिंतीवर स्नानगृहातील फरशी चिकटविणे, दगडी सांध्यांत सिमेंट कोंबणे, याला उद्धार म्हणत नाहीत. दगडाला श्वास लागतो. रंगाच्या थरामागे ओल अडकली की त्याचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या चुन्याच्या कामाला चुनाच मानवतो. म्हणून मंडपासाठी निधी जमविणाऱ्या गावाने पाच वक्त्यांतील एक तरी जुन्या मंदिरांच्या बांधणीचा जाणकार बोलवावा. आपल्या देवळाची ओळख ज्याने पहिल्यांदा करून घेतली, तो गावकरी पेटीत दहा रुपये टाको की हजार, रंगाचा डबा घेऊन खांबाजवळ जाणार नाही.

वक्त्यांची निवड करताना एकाच सुराचे पाच जण आणू नयेत. गीताजयंतीच्या रात्री गीतेवर प्रवचन व्हावे हे ओघाने आलेच. पण दुसऱ्या रात्री परिसराच्या इतिहासाचा अभ्यासक, तिसऱ्या रात्री पाणी आणि माती यांवर बोलणारा शेतीतज्ज्ञ, एखाद्या रात्री आहार आणि ऋतुचर्या सांगणारी वैद्य, असे झाले तर पारावर बसणारी तरुण मुलेही आत येतात. देवाच्या दारात पिकाची चर्चा कशी, असे कोणी विचारल्यास त्याला तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्लीकडे बोट दाखवावे. भृगूला तप केल्यावर ब्रह्म म्हणून प्रथम गवसले ते अन्नच, आणि अन्न वाढवावे हे त्याच वल्लीत व्रत म्हणून सांगितले आहे.

वेळेचा विचार मात्र गावानेच करावा; शहरातल्या वक्त्यास त्याची जाण नसते. संध्याकाळचे दूध काढून ते संकलन केंद्रावर घालून माणूस घरी येतो, हातपाय धुतो, चार घास खातो, तोवर साडेसात होतात. त्याआधी कार्यक्रम ठेवला तर समोर केवळ वृद्ध आणि लहान मुले. शेतीपंपाची वीज आठवड्याच्या पाळीने दिवसा किंवा रात्री येते. ज्या आठवड्यात ती रात्री येणार, त्या आठवड्यात निम्मा गाव गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी देण्यास रानात असतो. हा तक्ता पाहून मग तारखा ठराव्यात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून देशभर आहे. उत्सवातील काही ठरावीक दिवसांसाठी शासन सवलत देते, पण दीड तासात जे सांगता येत नाही ते तीन तासांतही सांगता येत नाही, असा माझा या गादीवरचा अनुभव आहे.

पाहुण्याचे आतिथ्य नैमिषारण्यासारखे असावे. त्याला दुपारीच बोलवावे, एखाद्या घरी टेकू द्यावे, गाव दाखवावे. ज्या कमानीखाली पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागतात ती कमान त्याने पाहिली असेल, तर त्याच्या व्याख्यानात निधीचा वेगळा उल्लेख करण्याची गरज पडत नाही. प्रवासखर्चाचे पाकीट आल्याबरोबर एकांतात हाती द्यावे. व्याख्यान संपल्यावर मंडपाच्या कोपऱ्यात किती द्यावे याची कुजबूज चालते आणि पाहुणा गाडीच्या काळजीने घड्याळ पाहत उभा राहतो, हे दृश्य यजमानांना शोभत नाही. कीर्तनकाराची बिदागी ठरवायची असेल तर तीही आधी, उघडपणे, आणि निधीतून नव्हे. एखाद्या कुटुंबाने त्या रात्रीचा भार स्वखुशीने उचलावा हे सर्वांत बरे. शाल आणि श्रीफळाचा उपचार हवाच असेल तर श्रीफळ पुरे. माझ्या घरी शालींचे तीन गाठोडे आहेत. थंडीत त्या आल्यागेल्याच्या उपयोगी पडतात खऱ्या. पण पाच वक्ते, त्यांचे साथीदार, गावचे मान्यवर आणि देणगीदार या सर्वांना शाली घातल्या, तर मंडपाची एक कमान त्यातच निघून जाते.

आता पेटीकडे वळू. कीर्तनाच्या शेवटी आरतीचे तबक फिरते. या तबकात पडणारी नाणी कोणाची, याचे नियम गावोगाव ठरलेले आहेत. कोठे ती कीर्तनकाराची, कोठे गुरवाची, कोठे निम्मी-निम्मी. निधी जमविण्याच्या उत्साहात कार्यकर्ते हेच तबक निधीचे म्हणून जाहीर करतात आणि ज्याच्या घरची चूल त्या नाण्यांवर पेटते, तो गुरव मनातल्या मनात चरफडत आरती म्हणतो. असे करू नये. देवाचे तबक देवाच्या रीतीने फिरावे, निधीची पेटी निराळी असावी, आणि ती झाकलेली असावी.

झाकलेली का, ते सांगतो. गादीवर उभे राहिले की पुढचा सारा मंडप दिसतो. तबक जवळ येऊ लागले की लोकांचे हात कसे हालतात, हे मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे. कोणी नोट उलगडून, सर्वांना दिसेल अशी ठेवतो. कोणी दहाची नोट चारदा दुमडून फुलांखाली सरकवितो. एखादी म्हातारी पदराच्या गाठीतून नाणे काढते, तबक समोर येताच ते मुठीतच धरून ज्योतीवर हात फिरविते आणि तबक पुढे जाताना हलकेच मूठ उघडते, आवाज होऊ नये म्हणून. आणि कोणी तबक येण्याआधीच उठून बाहेर जातो. त्याच्याजवळ काही नसते, एवढेच. व्याख्यान अजून संपलेले नसले तरी तो त्या रात्री पुन्हा आत येत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना, जे क्लेशाने, मन खात असताना दिले जाते त्याला राजस म्हटले आहे, आणि जे मान न ठेवता, अवहेलनेने दिले जाते त्याला तामस. देणाऱ्याला असे क्लेश होण्याची व्यवस्था आपणच करावी आणि मग त्याला सात्त्विक दानाचे महत्त्व ऐकवावे, हा न्याय नव्हे. दाराशी झाकलेली पेटी असली की म्हातारीचे नाणे आणि सावकाराची नोट यांचा आवाज एकच होतो. ज्याच्याजवळ काही नाही तोही शेवटपर्यंत बसून ऐकू शकतो.

ज्यांना मोठी रक्कम द्यायची असेल त्यांनी दिवसा कार्यालयात यावे आणि क्रमांकित पावती घ्यावी. भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याचे ते काळ्यापांढऱ्या चौकटींचे चिन्हही दाराशी लावण्यास हरकत नाही; शहरात गेलेली मुले त्यावरूनच पाठवितात. मात्र ते खाते देवस्थानाचे किंवा समितीचे असावे, कोणा एका कार्यकर्त्याचे नव्हे. देवस्थानाची नोंदणी नसेल, तर सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्यातील कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घेऊनच वर्गणीस हात घालावा. धान्य देणाऱ्यांचाही मान राखावा. या महिन्यात पैशापेक्षा पायलीभर बाजरी किंवा भात देणे अनेकांना सोपे जाते. ते मोजून, नोंदवून, शेवटच्या दिवशी लिलावात काढावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, तिच्या वसतिगृहांच्या मागे माय-माउलींनी दळणाआधी काढून ठेवलेली मूठमूठ होती.

मागणी किती वेळा करावी? माझे उत्तर : एकदा. आणि ती वक्त्याने करू नये, गावच्या माणसाने करावी, दोन वाक्यांत करावी. पाहुण्याच्या तोंडून पैसा मागविला की श्रोत्यांना त्याच्या आधीच्या बोलण्याविषयीही शंका येऊ लागते. भाषण रंगात आले असता मध्येच थांबवून ‘अमुक रावसाहेबांकडून अकरा हजार’ असा पुकारा करणे म्हणजे तर सरस्वतीच्या आसनावर लिलाव मांडणे.

हिशेबाचा प्रश्न सर्वांत नाजूक. एका गावाच्या वेशीवर, देवळाला लागून, अर्ध्या उंचीचे आठ खांब उभे आहेत. त्यांच्या माथ्यावरच्या लोखंडी सळ्या आकाशाकडे पाहत वर्षानुवर्षे गंजत आहेत. त्या खांबांसाठीही एकदा सप्ताह झाला होता, मोठमोठे वक्ते आले होते, रक्कम जमली होती. तिचे काय झाले हे निश्चित कोणास ठाऊक नाही. कदाचित कोणी एक पैही खाल्ली नसेल. काम हाती घेतल्यावर लोखंड महागले असेल, इतकेच. पण हिशेब कधी वाचला गेला नाही. आज त्या गावात कोणी चांगल्या कामासाठी उभा राहिला, तरी लोक तोंडाने काही बोलत नाहीत, फक्त त्या सळ्यांकडे पाहतात. एका न वाचलेल्या कागदाने पुढच्या पिढीचे हात बांधून टाकले.

याच्या उलट कृष्णाकाठच्या एका लहान गावी पाहिलेली रीत मला फार आवडली. तेथे आदल्या रात्रीचा जमाखर्च दुसऱ्या रात्री व्याख्यानापूर्वी त्याच व्यासपीठावरून वाचला जाई. वाचणारी बचत गटाची एक बाई होती. तिचा आवाज खणखणीत आणि आकड्यांवर श्रद्धा. दुसऱ्या रात्री तिने वाचले त्यात पेटीत जमलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक रक्कम ध्वनिक्षेपक आणि दिव्यांच्या माळांवर गेल्याचे निघाले. मंडपात चुळबुळ झाली. मागून एक आजीबाई मोठ्याने म्हणाल्या, ‘‘एवढ्याशा देवळात कर्णा कशाला गं? आम्ही काय बहिरे?’’ सारे हसले. कार्यकर्ते थोडे ओशाळले. तिसऱ्या रात्री कर्णाही नव्हता आणि माळाही नव्हत्या. समयांचा आणि दोन दिव्यांचा उजेड होता. वक्त्याचा आवाज मागे पोहोचेना, म्हणून लोक सतरंज्या ओढून पुढे सरकले. मुले तर व्यासपीठाच्या पायाशी येऊन बसली. इतिहासाचे ते व्याख्यान प्रश्नोत्तरांसह दहापर्यंत चालले आणि त्याच मुलांपैकी एकाने, आमच्या देवळाच्या पायरीवरचा शिलालेख कोणी वाचला आहे का, असे विचारून पाहुण्यांना कंदील घेऊन बाहेर नेले.

त्या गावच्या मंडपाचे छत लगेच झाले नाही. पहिल्या वर्षी एका कमानीपुरता निधी जमला, तेव्हा त्यांनी एकच कमान केली आणि पुढच्या मार्गशीर्षात दुसरीसाठी सत्र मांडले. मला ही चाल शहाणपणाची वाटते. सारे छत एकदम उतरवून, पैसे संपल्यावर देवाला पत्र्याखाली ठेवण्यापेक्षा हे बरे. शिवाय पहिली कमान पुरी झालेली दिसली की दुसरीसाठी मागावे लागत नाही. तैत्तिरीय उपनिषदात आचार्य घरी निघालेल्या शिष्याला दानाविषयी सांगताना श्रद्धेबरोबर लज्जेचा आणि भयाचाही उल्लेख करतात. आपण दिले ते थोडेच, ही लज्जा आणि ते नीट पोहोचेल ना, ही धास्ती, असा मी त्याचा व्यवहारातला अर्थ घेतो. त्यांतली लज्जा देणाऱ्याने बाळगायची आहे. धास्ती मात्र घेणाऱ्यांनी बाळगावी.

शेवटच्या रात्रीविषयी एक सूचना. श्रीदत्तात्रेयांचा जन्मकाळ पौर्णिमेच्या सूर्यास्ताचा. त्या सायंकाळी पुष्कळ ठिकाणी समारोपाचे भाषण, सत्कार आणि देणगीदारांची यादी यांत दिवस मावळून जातो आणि पाळणा अंधारात, घाईघाईने हलविला जातो. पौर्णिमेला व्याख्यान ठेवूच नये. दुपारी चारला गाव जमवावे, पाचही रात्रींचा एकत्र जमाखर्च वाचावा, शिल्लक किती आणि काम केव्हा लागणार हे सांगावे, आणि तो कागद मंडपाच्या खांबाला डकवावा. कोणाला काही विचारायचे असेल तर त्याला अवसर द्यावा. रागाने विचारले तरी शांतपणे उत्तर द्यावे. मग पेटी उचलून आत ठेवावी, सडा घालावा, पाळण्याला फुले बांधावीत. सूर्य टेकला की शंख वाजवावा. सुंठवड्याचे ताट धाकट्या मुलांच्या हाती द्यावे आणि ते मागच्या रांगेपासून वाटावयास सांगावे.